बाजार बघायला कारण कशाला हवं?

(गोंदिया जिल्ह्यातल्या बचत गटांच्या आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

आजचा विषय ऐकून काही जणींनी सकाळीच विचारलं, "ताई, धानाचे पैसे, रोजगार हमी, दारू, घरातली मारहाण एवढं सगळं समोर पडलेलं असताना मुंबईच्या श्रीमंत बाजाराबद्दल काय बोलायचं? तो आपला विषय आहे का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

गेल्या हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या आठ जणी मुंबईला गेल्या. मीही त्यांच्यात होते. कुणी रोवणीला जाणारी, कुणी विड्या वळणारी, एक अंगणवाडीची मदतनीस, दोघी बचत गटाच्या. बचत गटांच्या मालाचं ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शन बघायचं होतं, पुढच्या वर्षी आपले मोहाचे लाडू तिथे मांडता येतील का याचा अंदाज घ्यायचा होता. ते काम झालं आणि एक दिवस मोकळा मिळाला. कुठे जायचं असं विचारल्यावर एक जण म्हणाली, "समुद्र तर बघूच. पण टीव्हीत दिसतात ते मोठमोठे काचेचे बाजार, तिथे जाऊ. घ्यायचं काही नाही. नुसतं बघायचं." सगळ्या जणी हो म्हणाल्या.

परत आल्यावर प्रत्येकीला घरी एकच प्रश्न विचारला गेला, "काय आणलं?" काय बघितलं, असं कुणीच विचारलं नाही. आपला नवरा, दीर, भाऊ नागपूरला जातो, दिवसभर बर्डीवर हिंडतो, चहा पितो, हात हलवत परत येतो. त्याला कुणी विचारत नाही की कशाला गेला होतास. बाई मात्र बाजाराला निघाली की हातात पिशवी हवी आणि तोंडात कारण हवं. भाजी आणायची आहे, पोराचं औषध आणायचं आहे, लग्नाचा बस्ता आहे. कारण संपलं की लगेच घर. म्हणजे बाजार पुरुषाला हिंडण्यासाठी आणि आपल्याला कामासाठी. गोंदियाच्या बाजारात हे जितकं खरं आहे, तितकंच मुंबईच्या काचेच्या बाजारातही खरं आहे, फक्त तिथे त्याचं रूप वेगळं आहे. म्हणून हा आपला विषय आहे.

आता बघायचं कसं, हे सांगते. गिऱ्हाईक बघतं ते किंमत आणि वस्तू. प्रवासी बघतो ती जागा आणि माणसं. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या, तिथे हिंडल्या आणि परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी त्या देशाची लोकस्थिती आणि आपला प्रवास यांवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्या नुसत्या इमारती पाहून दिपल्या नाहीत. तिथल्या बायका शिकतात कुठे, कामं कोणती करतात, कायदा त्यांना काय देतो, त्या संस्था कशा चालवतात, हे त्यांनी विचारलं आणि लिहून ठेवलं. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एक मराठी बाई परमुलखात अशी नजर घेऊन हिंडली. आपल्यालाही तशीच नजर हवी. दिपून जायचं नाही आणि नाकही मुरडायचं नाही. विचारायचं: ही जागा आधी कुणाची होती? इथे उभं कोण आहे, बसलेलं कोण आहे? झाडतं कोण? आणि आपल्याला आत येऊ देताना काय अट घातली आहे?

पहिला प्रश्न, जागा आधी कुणाची होती. याचं उत्तर शोधायला मुंबईपर्यंत जायला नको. आपली गाडी नागपूरला थांबते, तिथेच सुरुवात होते. गांधीसागर तलावाजवळ एम्प्रेस मॉल आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या पोरी तिथे जाऊन आल्या असतील. त्या जागेवर एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. विदर्भाचा कापूस तिथे यायचा आणि आसपासच्या वस्त्यांमधली माणसं तिथे राबायची. शंभरावर वर्षं गिरणी चालली, १९८६ मध्ये ती सरकारी महामंडळाकडे गेली, पुढे बंद झाली. आणि जिथे भोंगा वाजायचा तिथे आता सरकता जिना आहे.

नागपूरची आणखी एक गोष्ट आपल्या इथल्या विडी कामगार बायांनी लक्षात ठेवावी अशी आहे. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित वर्गातल्या महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बाया जमल्या होत्या. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, एका बायकोवर दुसरी करण्याला विरोध केला. आणि गिरण्यांमध्ये, विडीच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायांना पगारी रजा, अपघाताची भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मिळावी, असेही ठराव केले. ऐंशीहून जास्त वर्षं झाली. विडी वळणाऱ्या बाईला आज म्हातारपणी काय मिळतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता मुंबईकडे येते. गोंदियाहून दुपारी विदर्भ एक्स्प्रेस निघते, दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरवते. दादरहून लोकलने लोअर परळ फक्त दोन स्टेशनं. तिथे सेनापती बापट मार्गावर फिनिक्स गिरणी होती, १९०५ सालची. आज त्याच आवारात फिनिक्स पॅलेडियम आहे, परदेशी कंपन्यांच्या दुकानांनी भरलेला. गिरणीची जुनी चिमणी ठेवली आहे, शोभेसाठी. आमच्यातल्या एकीने वर बघत विचारलं, "आता यातून धूर कशाचा निघत असेल?" कुणाचा निघत नाही. पण एकेकाळी या भागातल्या चिमण्यांवर लाखो घरच्या चुली पेटत होत्या. या भागाला गिरणगाव म्हणत.

गिरणगावातल्या बायांबद्दल थोडं सांगते, कारण गिरणी कामगार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. सूत गुंडाळायच्या खात्यांत त्या काम करत. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला, देशातला अशा तऱ्हेचा पहिला. त्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब कायदेमंडळात बोलले होते. पण मालकांनी काय केलं? यंत्रं बदलली, कामगार कमी केले, आणि कमी करताना बायांना आधी काढलं. बाई म्हणजे रजा, पाळणाघर, भत्ता, म्हणजे खर्च. रात्रपाळीला ती चालत नाही, हेही कारण. पुढे तिचा हिस्सा घटत घटत नावापुरता उरला. हक्क मिळाला की हक्क मागणारीलाच दाराबाहेर काढायचं, ही युक्ती जुनी आहे. आज दुकानांत लग्न झालेल्या पोरीला नको म्हणतात, त्याचं मूळ तिथे आहे.

गिरणीतून बाहेर पडलेल्या बाया गप्प बसल्या नाहीत. घरी एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण घालायच्या खानावळी त्यांनी चालवल्या. पाच-दहा माणसांचा डबा, उधारीवर किराणा आणि डोक्यावर सावकाराचं व्याज. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपण आज बचत गट म्हणतो, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. हजारो लोक पुन्हा कामावर घेतले गेले नाहीत. घरं कुणी चालवली? बायांनी. मंगळसूत्र गहाण पडलं, भाजीची टोपली डोक्यावर आली, दुसऱ्याच्या घरची भांडी आली. इतिहासात संपाचा पुढारी लिहिला जातो, भांडी घासणारीचं नाव कुठे नसतं.

आणि मग जमिनीचा प्रश्न आला. हे नीट ऐका, कारण आपल्याकडे उद्या राइस मिलच्या किंवा कारखान्याच्या जमिनीबाबत हेच होऊ शकतं. १९९१ च्या विकास नियमावलीत असं ठरलं की गिरणीची जमीन विकायची तर तिचे साधारण तीन वाटे करायचे. एक वाटा शहराच्या मोकळ्या जागांसाठी, म्हणजे मैदानं आणि बागांसाठी. एक वाटा सर्वसामान्यांच्या घरांसाठी. एक वाटा मालकाला. २००१ मध्ये हा नियम बदलला. बदल वाचायला छोटा होता: वाटे सगळ्या जमिनीचे नाही, फक्त जिथे बांधकाम नाही तेवढ्याच जमिनीचे करायचे. गिरणी म्हणजे सगळी शेडच शेड, मोकळी जमीन ती किती असणार? लोकांच्या वाट्याला तुकडे उरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे २००६ मध्ये सुधारित नियमच कायम राहिला. ज्या जागी म्हाताऱ्या बायांना बसायला बाक, पोरींना खेळायला मैदान मिळू शकलं असतं, तिथे दुकानं आणि ऑफिसं आली.

ऑफिसं आली, माणसं आली, पण येण्याजाण्याचा रस्ता तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला तिथल्या रेल्वेच्या पादचारी पुलावर, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनला, पावसात चेंगराचेंगरी झाली आणि २३ जीव गेले. मेले ते कामावर जाणारे लोक. काचेच्या बाजाराचं गिऱ्हाईक गाडीने येतं, गाडीसाठी तळघरात जागा असते. कामाला येणारी पुलावरून येते.

हा झाला बाहेरचा इतिहास. आता आत जाऊ.

आमच्या मुंबईच्या मुक्कामाबद्दल मी बोलते आहे, पण ही गोष्ट मी आणखी दोन-तीन शहरांत पाहिली आहे, म्हणून कुठल्याच दुकानाचं नाव घेत नाही. दारात यंत्र असतं, पिशवी तपासतात. ते सगळ्यांनाच लागू आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका ठिकाणी आमच्या पुढून जीन्स घातलेल्या पोरी सरळ आत गेल्या आणि लुगडं नेसलेल्या आमच्या मैत्रिणीला गार्डने विचारलं, "मौशी, किस के यहाँ काम करती हो?" ती आपली शांतपणे म्हणाली, "अपने खेत में." गार्ड हसला, बाजूला झाला. तो बिचारा कुठल्या तरी गावचाच, बारा तास उभा राहणारा. त्याच्याशी आपलं भांडण नाही. पण त्याला शिकवलेलं आहे की लुगडं म्हणजे मोलकरीण. आत यायला तिकीट नाही, पण आत शोभणाऱ्या माणसाचा एक चेहरा आणि एक कपडा ठरलेला आहे. म्हारवाडा, वाणी आळी असं म्हणत गावाने ज्या जागा वाटल्या, त्याच नव्या रंगात इथे दिसतात. पाटी कुठे लावलेली नाही, एवढाच फरक.

आत गेल्यावर गार हवा, चकचकीत फरशी. आणि मला खरं सांगायचं आहे: आमच्यातल्या बहुतेकींना ते आवडलं. कुणी अंगचटीला आलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही, कुणी धक्का दिला नाही. तास दोन तास आठ बाया पुरुषाशिवाय हिंडल्या आणि खांदे आखडले नाहीत. आणि संडास! स्वच्छ, पाणी असलेला, आतून कडी असलेला, फुकट. एक जण म्हणाली, "याच्यासाठीच मी दोनदा गेली." आपण हसलो, पण ही हसण्याची गोष्ट नाही. सकाळपासून पाणी न पिता बाजारहाट करणाऱ्या बाईलाच त्या दाराची किंमत कळते. तरुण पोरी मॉलमध्ये जातात म्हणून चिडणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे समजून घ्यावं. त्या वस्तूंसाठी जातात तितक्याच या मोकळेपणासाठी जातात.

पण हा मोकळेपणा उसना आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायका सार्वजनिक जागांत कशा वावरतात याचा अभ्यास करून २०११ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बाईला घराबाहेर पडताना सतत दाखवावं लागतं की आपण काहीतरी कामासाठी आलो आहोत. रिकामं हिंडण्याचा, उगाच उभं राहण्याचा हक्क तिला नाही, आणि तो मागितला पाहिजे. मॉलमध्ये हे काम म्हणजे खरेदी. तिथे तुम्ही नागरिक म्हणून नसता, गिऱ्हाईक म्हणून असता. गिऱ्हाईक दिसत असाल तोवर सुरक्षित. आम्ही बसायला बाक शोधला. होते थोडे, ते भरलेले. बाकी बसायची जागा होती ती कॉफीच्या दुकानात. पेलाभर कॉफी साडेतीनशे रुपये. आमच्या अंगणवाडीवालीने तिथेच हिशोब केला. २०२५-२६ च्या हंगामाचा साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये. म्हणजे किलोला साडेतेवीसच्या वर थोडे. एक पेला कॉफी म्हणजे जवळजवळ पंधरा किलो धान. पऱ्हे उपटणं, चिखलात कंबर मोडून रोवणं, निंदणं, कापणं, बांधणं, मळणी, सगळं मिळून पंधरा किलो, आणि तिकडे दहा मिनिटांचं बसणं. आम्ही सरकत्या जिन्याजवळच्या कठड्याला टेकून उभ्या राहिलो.

टेकून उभ्या राहिलो तेव्हा समोर दिसलं ते सगळ्यात महत्त्वाचं. दुकानांत उभ्या असलेल्या पोरी. काळा पोशाख, ओठांना रंग, पायात बूट, तोंडावर हसू. दुकानात गिऱ्हाईक नाही, तरी उभ्याच. खुर्ची कुठे नाही. एकीशी बोलणं निघालं. ती म्हणाली, बसलेलं दिसलं तर बोलणी बसतात, कॅमेरा आहे वर. पाय सुजतात, पाळीच्या दिवसांत जास्त. राहायला कुठे, तर लोकलने दीड तास लांब. जी पर्स ती दाखवत होती तिची किंमत तिच्या कितीतरी महिन्यांच्या पगाराएवढी. आणि तिच्यापेक्षाही न दिसणारी दुसरी, संडासात फडका घेऊन उभी असलेली, ठेकेदाराकडची. आम्ही ज्या स्वच्छतेचं कौतुक करत होतो ती तिच्या हातची. आमच्यातल्या एकीने तिचं गाव विचारलं. विदर्भातलीच निघाली. दोघी पाच मिनिटं बोलल्या, मग मुकादम आला आणि ती आत गेली.

हा प्रश्न सुटत नाही असं नाही. केरळमध्ये कोझिकोड शहरात कपड्यांच्या आणि इतर दुकानांत काम करणाऱ्या बायांनी ‘पेणकूट्टू’ नावाची संघटना उभी केली. शिवणकाम करणाऱ्या विजी नावाच्या कार्यकर्तीने पुढाकार घेतला. सुरुवात झाली ती संडासाच्या मागणीपासून, कारण दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायांना लघवीला जायला जागा नव्हती. मग मागणी आली बसण्याच्या हक्काची. लोक हसले. बसणं हा काय हक्क आहे का? बाया हटल्या नाहीत. २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसायची सोय देणं मालकांवर बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. एक स्टूल मिळवायला एवढा लढा लागला, पण तो जिंकता आला.

आपल्या राज्यातही बायांनी याच वाटेने काम केलं आहे. २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईकडून मात्र पैसे, हा भेद त्यांनी चव्हाट्यावर आणला. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महानगरपालिकांना आदेश दिले की रस्त्यावरून जाणाऱ्या बायांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं पुरवणं तुमचं कर्तव्य आहे. म्हणजे जो संडास मॉलमध्ये गिऱ्हाईक म्हणून मिळतो, तो रस्त्यावर नागरिक म्हणून मिळाला पाहिजे. आमचं सगळं म्हणणं याच एका वाक्यात आलं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं भांडवलशाहीचं सोंग आहे, आपण तिकडे फिरकूच नये. मला हे पटत नाही. वस्तूची हौस बाईला असू नये, हे आपल्याला सासू सांगते, महाराज सांगतात आणि कधीकधी आपले पुढारीही सांगतात. आमच्यातल्या एकीने रेशमी कापडावर हात फिरवला, किंमत ऐकली, हसली आणि म्हणाली, "कोसा आपल्याकडे निघतो, अन् दाम इथे." तिला ते कापड घ्यायचं नव्हतं. पण हात लावायचा होता, पोत बघायचा होता, आणि तो तिने बघितला. हौस ही लाजेची गोष्ट नाही. लाज त्या व्यवस्थेला वाटावी जी बनवणारीला तिच्याच वस्तूपुढे परकी करते.

तेव्हा जायचं. मुलींना न्यायचं, सासवांना न्यायचं. पण परत येताना त्या काचेच्या बाजारातले प्रश्न घेऊन आपल्या बाजारात यायचं. आपल्या तालुक्यांचे आठवडी बाजार बघा. तिरोडा, आमगाव, देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव. भाजी विकणारी बाई दिवसभर मातीत बसते, डोक्यावर फाटकं पोतं. संडास नाही. अंधार पडायच्या आत आवरायचं, कारण मग दारुडे येतात आणि गाडी सुटते. शहरातल्या कपड्याच्या, मोबाइलच्या दुकानांत आपल्याच पोरी सकाळी दहापासून रात्रीपर्यंत उभ्या. मुंबईच्या पोरीसाठी हळहळलो, आता या पोरींकडे बघा.

कायदे आहेत. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा सांगतो की शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बाया असाव्यात. आपल्या नगरपरिषदेत, नगरपंचायतीत ही समिती आहे का, त्यात कोण बाई आहे, आणि तिला बैठकीचं बोलावणं येतं का? राज्याच्या दुकानांविषयीच्या २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर तिच्या सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची जबाबदारी मालकाची. कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे, जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात त्या छोट्या दुकानातली पोरगी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. किती पोरींना हे माहीत आहे? कागदावरचा कायदा पायात काटा मोडल्यासारखा असतो, कुणीतरी बसून काढल्याशिवाय उपयोग नाही.

म्हणून शेवटी काम वाटून घेऊ. प्रत्येक गटाने आपल्या जवळचा एक बाजार घ्यायचा आणि दोन जणींनी एक पूर्ण दिवस तिथे काढायचा. खरेदी न करता. पिशवी घरी ठेवायची. कुणी विचारलं काय घ्यायचं, तर सांगायचं, काही नाही, बघतोय. आणि पाच गोष्टी वहीत लिहायच्या. बाईसाठी संडास आहे का, त्याला पाणी आणि कडी आहे का, पैसे किती घेतात. पैसे न देता बसायची जागा कुठे आहे आणि तिथे कोण बसलेलं आहे. दुकानात काम करणाऱ्या किती पोरींना स्टूल आहे. विकणाऱ्या बायांना सावली आणि प्यायचं पाणी मिळतं का. अंधार पडल्यावर बाजारात किती बाया उरतात, आणि ज्या उरतात त्या घरी कशा जातात.

हे करताना तुम्हाला टोकतील. "बायांनो, काम नाही का?" असं विचारतील. तेही वहीत लिहा, कुणी विचारलं आणि किती वेळा. मराठीत लिहा, पोवारीत लिहा, हिंदीत लिहा, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगा, दुसरी लिहील. महिनाभरात आठही तालुक्यांच्या वह्या जमल्या पाहिजेत. त्या घेऊन आपण नगरपरिषदेत आणि कामगार कार्यालयात जाऊ, पहिल्यांदा संडास मागू आणि त्याच कागदावर स्टूल मागू.

पुढच्या बैठकीला येताना वही आणा. वस्तू काही आणू नका.